बंपरामागचा रंग

हिवाळ्याचा अंमल ओसरून दिल्लीत ऊन जरा स्वच्छ पडू लागले, की जुन्या मोटारींचे मालक आपापल्या गाड्या झाकणाखालून बाहेर काढतात. 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ साली राजधानीत जुन्या मोटारींची रॅली सुरू केली, आणि तेव्हापासून ह्या छंदाला दिल्लीत एक प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. रस्त्याच्या कडेला उभा राहून ही मिरवणूक पाहणारा माणूस प्रथम पाहतो तो रंग, आणि लगेच दुसरी गोष्ट पाहतो ती म्हणजे मोटारीच्या पुढे व मागे आडवा बसवलेला तो चकचकीत पोलादी पट्टा. त्यात त्याला आभाळ दिसते, झाडे दिसतात, आणि थोडेसे वाकडे झालेले स्वतःचे तोंडही दिसते. ह्या पट्ट्याला बंपर म्हणतात. 'धक्कारोधक' असा एखादा शब्द भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी सुचवून पाहावा. पण गॅरेजमध्ये जाऊन तो उच्चारला तर तेथील पोऱ्या पाना बाजूला ठेवून आपल्या तोंडाकडे पाहत राहील. तेव्हा बंपर हाच शब्द बरा.

हा बंपर पुढून सर्वांना दिसतो. मागून तो फारच थोड्यांनी पाहिलेला असतो. वीस-पंचवीस वर्षे गाडी बाळगणाऱ्या मालकालाही त्याची पाठ कशी आहे हे ठाऊक नसते. ती ठाऊक होण्याचा प्रसंग एकच, आणि तो म्हणजे गाडीला नव्याने रंग देण्याचा. त्या वेळी बंपर काढावयाचा की कागद चिकटवून तो तसाच राहू द्यावयाचा, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु यमुनेपलीकडे राहणाऱ्या एका महाराष्ट्रीय कुटुंबात ह्याच प्रश्नावरून दोन महिने पत्रे आणि टेलिफोन चालू होते, आणि त्यांत बंपराहून पुष्कळच मोठा विषय गुंतलेला होता.

गाडी होती फिअट ११००. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार झाली. ह्या कारखान्यात आरंभी अमेरिकन बनावटीच्या मोटारी जोडल्या जात. पुढे इटलीच्या फिअट कंपनीशी करार होऊन ही सुटसुटीत, चार दारांची गाडी निघू लागली, आणि पुढल्या काळात तिलाच पद्मिनी हे राजस्थानी राणीचे नाव मिळाले. १९६०च्या दशकात फिअट मिळवणे म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे. ह्या कुटुंबातील वडिलांनी तशी वाट पाहिली, मुंबईत गाडी ताब्यात घेतली, आणि केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीस बदली झाल्यावर नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा तो लांबचा रस्ता तोडून ती दिल्लीस आणली. वडील गेले. गाडी राहिली. मुलांपैकी थोरला पुण्यास, मुलगी नागपुरास, आणि धाकटा दिल्लीतच. त्यामुळे गाडी धाकट्याकडे राहिली, आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल-गाड्यांना दिल्ली व भोवतालच्या प्रदेशात बंदी करणारा हरित न्यायाधिकरणाचा आदेश २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्यानंतर तर ती एका कडुनिंबाखाली झाकून उभीच राहिली.

तिला पुन्हा रस्ता दिसण्याची आशा उत्पन्न झाली ती जुलै २०२१ मध्ये. केंद्र सरकारने त्या महिन्यात मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या गाड्यांची एक स्वतंत्र पंक्ती निर्माण केली. त्यांच्या क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे घालावयाची, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये भरावयाचे, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी त्या चालवावयाच्या नाहीत. गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चासी, सांगाडा अथवा इंजिन ह्यांत भरीव फेरफार झालेला नसावा, अशी मुख्य अट. धाकट्या चिरंजीवांनी नियम दोनदा वाचला आणि ठरविले, की गाडीचा अर्ज करावयाचा, आणि त्यापूर्वी तिला रंग द्यावयाचा. रंग कोणता, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही. गाडी पांढरी होती. तिघा भावंडांना ती पांढरीच आठवत होती, आणि नोंदणीपुस्तकातही पांढरी असेच लिहिलेले होते.

ज्या उस्तादांकडे हे काम सोपविले ते साठी उलटलेले गृहस्थ होते. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, बोटाच्या पेराने ठिकठिकाणी पत्रा वाजवून पाहिला आणि पंधरा दिवसांचा वायदा केला. बंपर काढणार का, असे विचारताच ते म्हणाले, "साहेब, कशाला? टेप लावू, कागद लावू. आतापर्यंत शंभर गाड्या अशाच केल्या."

हे उत्तर आळसाचे नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. रंगाचे काम ठोक बोलीवर ठरते. पत्रा ठोकणे, लांबी भरणे, घासणे, अस्तर देणे, रंगाचे हात मारणे ह्या प्रत्येकाला किती वेळ लागेल ह्याचा अंदाज कारागिराला असतो. बंपराचा मात्र त्याला अंदाज करता येत नाही. सहा बोल्ट अर्ध्या तासात निघतील, किंवा एकच बोल्ट दोन दिवस खाईल. शिवाय तो तुटला तर दोष कारागिराचा, आणि न तुटता निघाला तर श्रेय कोणीच देत नाही. अशा व्यवहारात शहाणा मनुष्य कागदच चिकटवील. चिरंजीव सरकारी हिशेबात मुरलेले असल्यामुळे त्यांच्या हे लवकर लक्षात आले. बंपर काढण्या-बसविण्याची मजुरी दिवसाच्या हिशेबाने वेगळी देऊ आणि बोल्ट तुटल्यास तुमच्याकडे बोट दाखविणार नाही, असे त्यांनी सांगितले. उस्ताद हसले आणि म्हणाले, "मग काढू या. कागदाखालचे काम मलाही आवडत नाही, साहेब."

कागदाखालचे काम न आवडण्याचे कारण साधे आहे. बंपर आणि पत्रा ह्यांत दोन-चार बोटांची फट असते. त्या फटीत फवारा सरळ पोचत नाही. तिरका जातो, अर्धा जातो, आणि जेथे कागद संपतो तेथे रंगाची एक कडा उभी राहते. ही कडा म्हणजे पुढल्या बिघाडाचे प्रवेशद्वार. पावसाचे पाणी तिच्यातून आत शिरते, दोन पावसाळ्यांत पापुद्रा सुटतो, आणि लोकांना वाटते रंग वाईट होता. दुसरे असे, की बंपराच्या मागील अंगास चाकांनी उडविलेला चिखल वर्षानुवर्षे साचलेला असतो. तो ओला राहतो आणि पत्रा आतून खातो. त्याच्यावर रंग मारणे म्हणजे कीड लागलेल्या दातावर चांदीचे टोपण बसविणे.

बंपर काढण्यास दोन दिवस लागले. त्यांतील पहिला दिवस पाना न उचलताच गेला. उस्तादांनी प्रथम बॅटरीची तार सोडविली. मग एका वहीच्या कागदावर पुढचा व मागचा बंपर रेखाटला, आणि दोन्ही टोकांस पत्र्यापासून किती अंतर आहे ते मोजून लिहिले. डाव्या बाजूस जे अंतर होते त्याहून उजव्या बाजूस थोडे अधिक होते. चिरंजीवांना वाटले, कधीतरी धक्का लागला असावा. उस्ताद म्हणाले, तसे असेलच असे नाही. त्या काळच्या गाड्यांची जुळणी हाताने होत असे आणि कंसाखाली एका बाजूस दोन चकत्या, तर दुसऱ्या बाजूस तीन असे प्रकार कारखान्यातूनच होऊन येत. म्हणून कोणती चकती कोणत्या बाजूची, हे न लिहिता बंपर काढला तर तो परत कधीच सरळ बसत नाही.

मग तारेच्या ब्रशाने प्रत्येक बोल्टाचे आटे साफ करण्यात आले, आणि त्यांवर तेल सोडण्यात आले. गंज सोडविणारी डबाबंद तेले आज कोणत्याही दुकानात मिळतात. उस्तादांची भिस्त मात्र डिझेल आणि जुने इंजिन-तेल ह्यांच्या मिश्रणावर. संध्याकाळी एकदा, रात्री एकदा, पहाटे एकदा असे ते बोल्टांच्या मुळाशी थेंब-थेंब सोडीत राहिले. गंज म्हणजे फुगलेले लोखंड. नट आणि बोल्ट ह्यांच्या आट्यांमध्ये तो फुगून बसतो आणि दोघांना एकजीव करतो. तेल त्या फटीत चढावयास वेळ लागतो, आणि हा वेळ न देता जो जोर लावतो तो बोल्ट तोडतो. एवढे साधे हे शास्त्र आहे. पण त्यासाठी कामाला हात न लावता एक रात्र थांबावे लागते, आणि तेच पुष्कळांना साधत नाही.

दुसऱ्या दिवशी पान्यांची पेटी उघडली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्या देशात त्या काळी दोन घराण्यांच्या गाड्या जास्त होत्या. एक ॲम्बॅसडर, जिचा जन्म इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डपासून. आणि दुसरी फिअट, इटलीची. इंग्रजी गाडीचे नट इंचांच्या मापाचे, इटालियन गाडीचे मिलिमीटरच्या. दिल्लीतल्या कोणत्याही जुन्या गॅरेजच्या पेटीत ही दोन्ही मापे गुण्यागोविंदाने नांदतात, आणि त्यामुळेच घोटाळा होतो. ९/१६ इंची पाना १४ मिलिमीटरच्या नटावर बसतो. बसतो म्हणजे बसल्यासारखा वाटतो. जेमतेम पाव-पाऊण सुताची नव्हे, तर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी मोकळीक त्यात असते. पण जोर लावताच तेवढ्या मोकळिकीत पाना सरकतो, नटाचे कोपरे झिजतात, आणि गोल झालेल्या नटाला मग कोणताच पाना धरत नाही. उस्तादांनी प्रत्येक पाना नटावर चढवून हलवून पाहिला आणि जो डुलला तो बाजूला ठेवला.

मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. नट सैल करण्याऐवजी तो प्रथम किंचित आवळला. केसभरच. त्यासरशी 'टक्' असा बारीक आवाज झाला. गंजाची पकड अशी एकदा मोडली, की नट उलट फिरावयास राजी होतो. तरीही तो एकदम फिरवावयाचा नाही. पाव फेरा सोडावयाचा, पुन्हा थोडा आवळावयाचा, पुन्हा तेल द्यावयाचे. पुढच्या बंपराचे सर्व बोल्ट ह्या रीतीने निघाले. शेवटचे दोन सुटण्यापूर्वी दोघा पोऱ्यांनी दोन्ही टोके हातांवर पेलून धरली, कारण अर्धवट सुटलेला बंपर एका बाजूने लोंबकळला की त्याची कड मडगार्डात घुसते. खाली एक जुनी गोधडी अंथरलेली होती. तिच्यावर तो पालथा ठेवला.

मागच्या बंपराचा डावीकडचा बोल्ट मात्र हटेना. एक पोऱ्या गॅसची बत्ती घेऊन आला. उस्ताद त्याच्यावर असे ओरडले, की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला. तापविलेला नट प्रसरण पावून सुटतो हे खरे. पण पेट्रोलची टाकी गाडीच्या मागच्या अंगास असते, आणि वर्षानुवर्षे रिकाम्या समजल्या जाणाऱ्या टाकीतही वाफ शिल्लक राहते. भरलेल्या टाकीपेक्षा अशी टाकी अधिक घातक. शेवटी बत्तीऐवजी करवतीचे पाते आले. पात्याला फडके गुंडाळून, कंस आणि नट ह्यांच्या फटीतून पाऊण तास बोल्ट कापावा लागला. एक बोल्ट गेला. पत्रा, कंस आणि बंपर ह्यांना ओरखडाही उठला नाही. जुन्या गाडीच्या कामात हा हिशेब नेहमी ध्यानात ठेवावा लागतो: बाजारात मिळणारी वस्तू खर्ची घालून न मिळणारी वस्तू वाचवावयाची. बोल्ट काश्मिरी गेटच्या बाजारात कोणीही देईल. फिअटचा मूळचा बंपर मिळवावयाचा तर मायापुरीच्या भंगारात दैवावर हवाला ठेवून हिंडावे लागेल.

काढलेले नट ज्याचे त्याच्या बोल्टावर परत चढवून, चकत्यांसह चार डब्यांत ठेवण्यात आले. डब्यांवर खडूने 'पुढे डावा', 'पुढे उजवा' असे लिहिले. मग पोऱ्याने खरवडण्याने मागचा चिखल काढावयास सुरुवात केली, आणि कंस जेथे पत्र्याला टेकत होता तेथील रबराचा तुकडा उचलला.

त्या तुकड्याखाली तळहाताएवढी जागा होती. तेथे गंज नव्हता, धूळ नव्हती, ऊन तर कधी पडलेच नव्हते. आणि तेथील रंग पांढरा नव्हता. तो फिकट हिरवट राखाडी होता. श्रावणात तळ्याच्या पाण्यावर ढगाची सावली पडावी तसा.

चिरंजीव बराच वेळ उकिडवे बसून तो रंग पाहत राहिले. उस्तादांनी मडगार्डावर एका ठिकाणी पॉलिश पेपराने हलक्या हाताने गोल घासले. मध्यभागी खोल, कडेला उथळ. झाडाचे खोड कापल्यावर दिसावीत तशी वर्तुळे उमटली. सर्वांत बाहेर पिवळटलेला पांढरा, त्याच्या आत आणखी एक पांढरा, मग राखाडी अस्तर, त्याच्या आत तोच हिरवट रंग, आणि मध्याला कारखान्याचे मूळ अस्तर व पत्रा. म्हणजे कुर्ल्याहून गाडी निघाली ती हिरवट रंगाची. पुढे कोणीतरी तिला दोनदा पांढरा रंग दिला, आणि दोन्ही वेळा बंपर न काढता दिला. काढला असता तर हा पुरावा राहिला नसता. कागदाखालच्या कामाचा असाही एक उपकार!

येथून पत्रे सुरू झाली. पुण्याच्या थोरल्या बंधूंचे म्हणणे असे, की कारखान्याने दिलेला रंगच खरा. नवी नोंदणी मूळ रूपाची म्हणून होणार, तर गाडी मूळ रंगात असावी. नागपूरच्या भगिनींना हे मुळीच मान्य नव्हते. त्यांनी लिहिले, "दादा, बाबांनीच तो रंग दिला असणार. दिल्लीच्या उन्हाळ्यात आईला प्रवासात भोवळ येई, म्हणून पांढरा दिला असे आईच्या तोंडून मी ऐकले आहे. ह्या गाडीत बसून मी सासरी गेले ती पांढऱ्या गाडीत बसून." त्यावर बंधूंचे उत्तर आले, की आठवण आणि पुरावा ह्यांत फरक करावा लागतो. भगिनींनी त्या पत्राला उत्तर दिले नाही. आठवडाभर टेलिफोनही उचलला नाही.

हा वाद एका घरचा असला तरी तो नवा नाही. जुन्या वस्तूंचे जतन करणाऱ्या सर्वांपुढे तो उभा राहतो. प्राचीन इमारतींच्या जतनाची तत्त्वे १९६४ साली व्हेनिस येथे सनदेच्या रूपाने मांडली गेली. जुन्या मोटारींच्या 'फिवा' ह्या जागतिक संघटनेने २०१२ च्या सुमारास त्याच धर्तीवर आपली सनद तयार केली, आणि ट्यूरिन शहराच्या, म्हणजे फिअटच्या माहेरच्या, नावाने ती ओळखली जाते. तिचा रोख असा, की जे आहे ते राखण्याला पहिला मान. जे गेले ते पुन्हा निर्माण करणे ही त्यानंतरची गोष्ट. आणि वाहनाच्या आयुष्यात त्याच्यावर उमटलेल्या खुणा ह्याही त्याच्या इतिहासाचा भाग होत. थोरल्या बंधूंच्या म्हणण्याला ह्या सनदेत आधार सापडतो, आणि भगिनींच्याही सापडतो. सनदांचे बहुधा असेच असते.

दिल्लीत ह्या प्रश्नाचे एक मूर्तिमंत उत्तर पाहावयास मिळते. मोतीलाल नेहरू प्लेसमध्ये लालबहादूर शास्त्री ह्यांच्या स्मारकात त्यांची फिअट ठेवलेली आहे. १९६४ सालच्या बनावटीची ती दुधी रंगाची गाडी. पंतप्रधान असताना शास्त्रीजींनी ती बारा हजार रुपयांस घेतली. खात्यावर सात हजार होते. पाच हजारांचे कर्ज त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते, आणि ललितादेवींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ही गाडी पाहावयास येणारा मनुष्य तिचा बंपर किती चकाकतो हे पाहावयास येत नाही. उद्या कोणी ती गाडी कारखान्याच्या रंगतक्त्याबरहुकूम आरशासारखी करून ठेवली, तर ती अधिक खरी होईल काय? ती गाडी ज्या घरात वापरली गेली त्या घराची आहे, म्हणूनच ती तेथे उभी आहे.

अर्थात शास्त्रीजींच्या गाडीचा दाखला प्रत्येक गाडीला लावणे बरोबर नव्हे. गंजलेला पत्रा हा इतिहास म्हणून जपत बसले तर गाडीच राहणार नाही. ह्या फिअटच्या मागच्या पट्टीला दोन भोके पडलेली होती, ती कापून नवा पत्रा जोडावाच लागला. बंपराच्या बाबतीत मात्र उस्तादांनी थांबविले. चिरंजीवांची इच्छा त्याला नव्याने क्रोम चढविण्याची होती. उस्ताद म्हणाले, आधी धुऊन तर पाहू.

क्रोमची चमक ही मोठी फसवी वस्तू आहे. १९२० नंतरच्या दशकात हा मुलामा मोटारींवर येऊ लागला. तोवर पितळ आणि निकेल ह्यांचे राज्य होते. पण ज्याला आपण क्रोम म्हणतो त्यात क्रोमियमचा थर अगदीच नाममात्र असतो, माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ. खरे रक्षण करतो तो त्याखालचा निकेलचा थर, आणि कित्येकदा त्याखाली तांबे असते. पुन्हा मुलामा द्यावयाचा तर जुने थर आम्लात उतरवावे लागतात आणि पोलाद चाकावर घासावे लागते. त्या घासण्यात बंपराच्या कडा बोथट होतात, पोलाद पातळ होते. शिवाय ज्या द्रावात हे काम चालते ते क्रोमिक आम्ल कारागिराच्या कातडीला व्रण पाडते आणि नाकाच्या पडद्याला भोक पाडू शकते. त्याचे सांडपाणी जमिनीत मुरले तर विहिरी नासतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत मुंबईची गाडी राहिली असती तर बंपर टिपक्याटिपक्यांनी खाल्ला गेला असता आणि दुसरा इलाज नव्हता. दिल्लीची हवा कोरडी. येथे ऊन रंगाला खाते, परंतु क्रोमला पुष्कळसे जीवदान मिळते. पोळ्या गुंडाळावयाचा तो चंदेरी कागद पाण्यात बुडवून, त्याची गुंडाळी करून बंपरावर हलकेच चोळली. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा उठत नाही आणि वरवरचा गंज निघून जातो. तासाभराने कडुनिंबाची फांदी त्यात दिसू लागली. काही बारीक टिपके राहिले, ते राहू दिले. पाठीमागच्या अंगाला गंजरोधक अस्तराचे दोन हात दिले. ती बाजू कोणाला दिसणार नव्हती, पण पाणी तिकडूनच येते.

रंगाचा निर्णय शेवटी नोंदणीपुस्तकाने सोपा केला असे म्हणता येईल. पुस्तकात पांढरा असे आहे, आणि रंग बदलावयाचा तर परिवहन कार्यालयात जाऊन तशी नोंद करून घ्यावी लागते. पण खरे कारण ते नव्हते. धाकट्या चिरंजीवांनी एका रविवारी पुण्यास टेलिफोन केला आणि एवढेच सांगितले, "दादा, ताई माझ्याशी बोलत नाही." पलीकडे थोडा वेळ शांतता झाली. मग थोरले बंधू म्हणाले, "पांढरा दे. पण तो हिरवा बुजवू नकोस."

फाल्गुनातील एका सकाळी, वारा उठण्यापूर्वी, उस्तादांनी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसविली आणि फवारा हाती घेतला. वैशाखातल्या आंधीत ओल्या रंगावर वाळू बसते, आणि धुक्याच्या दिवसांत दमट हवेने रंगावर दुधी झाक येते. म्हणून दिल्लीचा जाणता रंगारी हे मधले दिवस धरून असतो. बंपर नसल्यामुळे गाडीचे तोंड काहीसे बोळके दिसत होते. पण फवारा त्या पट्टीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग फिरला, कोठे अडला नाही. फक्त मागे, डाव्या कंसाच्या जागी, तळहाताएवढा एक कागद चिकटवलेला होता.

आठ दिवस रंग वाळू दिल्यावर कागद काढला. त्या तुकड्यावर पारदर्शक लॅकरचा एक हात फिरविला. रबराचे नवे तुकडे आले, एक नवा बोल्ट आला. चकत्या डाव्या बाजूस दोन, उजव्या बाजूस तीन अशाच बसल्या. सर्व नट आधी सैलच लावले, वहीतल्या कागदावरची अंतरे पट्टीने जुळवून पाहिली आणि मग पाळीपाळीने आवळले. नागपूरच्या भगिनी त्याच आठवड्यात दिल्लीस आल्या होत्या. उस्तादांनी डावा कंस बसविण्यापूर्वी त्यांना बोलावले आणि म्हणाले, "बहेनजी, पाहून घ्या. आता हा पुन्हा पन्नास वर्षांनी दिसेल."

त्यांनी वाकून पाहिले, पदराने हात पुसले आणि एक बोट त्या हिरवट तुकड्यावरून फिरविले. मग त्या बाजूला झाल्या, आणि उस्तादांनी कंस वर उचलला.